मेडिकलच्या पाटीवरील लाल प्लसचा युद्धाशी काय संबंध?

प्रश्न (औषध दुकानदार, जुळे सोलापूर)

नमस्कार. उन्हाने फिकी पडलेली दुकानाची पाटी मी नव्याने रंगवायला दिली होती. पेंटरने पांढऱ्या पत्र्यावर पेन्सिलीने प्लस आखून घेतला आणि तो लाल रंगाचा डबा उघडणार, तोच कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या पुतणीने त्याला थांबवले. तिच्या मते पांढऱ्यावरील लाल क्रॉस हे युद्धविषयक कायद्याने राखून ठेवलेले चिन्ह असून तो दुकानावर लावणे गुन्हा आहे. वडिलांच्या काळापासून आमच्या पाटीवर हेच चिन्ह आहे आणि त्यात कुणाला फसवण्याचा हेतू कधीच नव्हता. युद्धाचा कायदा जुळे सोलापुरातल्या औषधांच्या दुकानाला कसा लागू होतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पाटी अजून तशीच भिंतीला टेकून उभी आहे.

उत्तर (सेनादलाच्या वैद्यकीय विभागातून निवृत्त, मोहोळ)

दादा, आपली पुतणी बरोबर सांगते आहे. आपण ज्याला दवाखान्याची खूण समजतो, ती मुळात समोरच्या बंदूकधाऱ्याला दिलेली सूचना आहे: येथे जखमींची शुश्रूषा चालू आहे, येथे हल्ला करू नका. युद्धाच्या वेळी वैद्यकीय जवानाच्या डाव्या दंडावर याच चिन्हाची, लष्करी अधिकाऱ्यांचा शिक्का असलेली पट्टी असते आणि खिशात त्याच चिन्हाचे ओळखपत्र असते. स्ट्रेचरचे दोन्ही दांडे हातात असताना माणसाला स्वतःचा बचाव करता येत नाही. तो त्या पट्टीच्या भरवशावरच मोकळ्या मैदानात पाऊल टाकतो. हेच चिन्ह गावोगावच्या दुकानांवर आणि मोटारींच्या काचांवर दिसू लागले, तर त्याचा अर्थ ‘औषधे मिळतील’ एवढाच उरतो. लढाईच्या धुरळ्यात, क्षणभरात निर्णय घेणाऱ्या शिपायाला त्याचा मूळ अर्थ आठवला पाहिजे, म्हणून शांततेच्या काळातच ते जपावे लागते.

उत्तर (विधी विषयाचे प्राध्यापक, सोलापूर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे; फक्त एक गोष्ट नेमकी करतो. संरक्षण चिन्हामुळे मिळत नाही, ते जिनिव्हा करारामुळे, म्हणजे युद्धातील जखमींना संरक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारामुळे मिळते. चिन्ह ते दुरून दिसावे यासाठी असते. त्यामुळे पट्टी चिखलात पडली तरी, ओळखू येत असलेल्या डॉक्टरवर हल्ला करता येत नाही.

1864 च्या पहिल्या जिनिव्हा करारात हे चिन्ह ठरले. स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटे करून ते घेतलेले आहे. 1949 च्या पहिल्या करारातील कलम 44 आणि 53 यांनी त्याचा इतरांकडून होणारा वापर, युद्धात आणि शांततेतही, निषिद्ध केला आहे. भारताने हे करार 1950 मध्ये स्वीकारले आणि त्यासाठी जिनिव्हा करार अधिनियम, 1960 केला. त्याच्या कलम 12 नुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय लाल क्रॉस, लाल चंद्रकोर किंवा लालवरील पांढरा क्रॉस कोणत्याही कामासाठी वापरता येत नाही, आणि कलम 13 मध्ये 500 रुपयांपर्यंत दंडाची व चिन्ह असलेला माल जप्त होण्याची तरतूद आहे. दंडाची रक्कम आज क्षुल्लक वाटते, आणि माझ्या मते पाट्या बदलत नाहीत याचे ते एक कारण आहे.

कोलंबियात 2 जुलै 2008 रोजी बंडखोरांच्या ताब्यातील 15 ओलिसांची सुटका करणाऱ्या लष्करी पथकातील एकाने रेडक्रॉसचे चिन्ह लावले होते. एकाही माणसाचा जीव न जाता ओलीस सुटले, तरीही राष्ट्राध्यक्ष उरिबे यांना त्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली. कारण त्यानंतर एखादे खरे मदतपथक जंगलात ओलिसांना औषधे द्यायला गेले, तर बंडखोरांनी त्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न उभा राहतो.

उत्तर (शाळाशिक्षिका, सोलापूर)

सर, आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, पुढे जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीत दाखल झाले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. मुलांना त्यांची माहिती सांगताना एक शंका नेहमी येते: सैन्यात सामील झालेला डॉक्टर शत्रूच्या दृष्टीने सैनिकच ठरत नाही का?

उत्तर (विधी विषयाचे प्राध्यापक, सोलापूर)

ताई, आजच्या करारानुसार ठरत नाही. केवळ जखमी आणि आजारी यांच्या शुश्रूषेसाठी नेमलेला माणूस सैन्यात असला तरी 1949 च्या पहिल्या करारातील कलम 24 त्याला संरक्षण देते. शत्रूच्या हाती सापडल्यास तो युद्धकैदी ठरत नाही आणि स्वतःच्या किंवा रुग्णांच्या बचावासाठी पिस्तूल बाळगले म्हणून त्याचे संरक्षण जात नाही. मात्र त्याच्यावरही एक बंधन आहे, आणि मुलांना तेच अधिक सांगावे असे मला वाटते: त्याच करारातील कलम 12 नुसार उपचारांचा क्रम फक्त वैद्यकीय निकडीवरून ठरतो. शत्रूचा शिपाई अधिक जखमी असेल, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर आधी तोच घेतला जातो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. लाल डबा परत केला आहे. हिरव्या जमिनीवर पांढरा क्रॉस ही प्रथमोपचाराची सर्वमान्य खूण असल्याचे पुतणीने सांगितले, पण मला आता क्रॉसच नको. पेंटर उद्या त्या जागी खल आणि बत्ता काढणार आहे. शेजारच्या रुग्णवाहिकेच्या मालकांशीही आज संध्याकाळी बोलणार आहे, कारण त्यांच्या गाडीच्या चारही बाजूंना हाच लाल क्रॉस आहे.