चौथीतल्या पोराला मराठी पुस्तकं सुचवा (तात्पर्याची चौकट नसलेली)

अनगोळची आई

मंडळी, जरा मदत करा. आम्ही बेळगावात राहतो. मुलगा चौथीत, इंग्रजी मीडियमला. घरात मराठी, गल्लीत मराठी-कन्नड मिसळ, शाळेत कन्नड विषय आहे. मराठी बोलायला तोंड बंद होत नाही, पण वाचायला बसवलं की जोडाक्षरावर गाडी अडते. धाकटी पाच वर्षांची, तिला गोष्ट वाचून दाखवावी लागते.

सासूबाई म्हणतात संस्काराचं काहीतरी आण. ह्यांचं म्हणणं, जनरल नॉलेज वाढलं पाहिजे. दिवाळीला भावोजींनी बोधकथांचा जाडजूड संच दिला. प्रत्येक गोष्टीखाली रंगीत चौकटीत तात्पर्य. आमचा पठ्ठ्या आधी चौकट वाचतो, "झाली वाचून" म्हणतो आणि सायकल काढतो. ह्याला काय द्यावं?

निपाणीकर

'श्यामची आई'. विषय संपला.

खानापूरचा मास्तर

ताई, तो संच आधी माळ्यावर टाका. तुमचा पोरगा हुशार आहे. खाली उत्तर छापलेलं असताना गणित कोण सोडवत बसणार?

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत नोकरी काढली, आता घरी आहे. वर्गात पुस्तकांची एक लोखंडी ट्रंक होती. पोरांना कुठलं पुस्तक आवडतं हे कुणाला विचारायची गरजच नव्हती. ज्याचं कव्हर सुटलेलं, पानं तेलकट, ते खरं. बोधकथांची सगळी पुस्तकं मी रिटायर झालो तेव्हाही कोरी करकरीत होती.

निपाणीकरांचं म्हणणं मान्य, पण 'श्यामची आई' पोराच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात लिहिली, पुस्तक आलं १९३५ साली. भाषा त्या काळची, वातावरण कोकणातलं. जोडाक्षराला अडणारं पोर ते एकट्यानं वाचणार नाही. तुम्ही वाचून दाखवा, आणि पहिल्या रात्रीपासून (त्यात प्रकरणाला 'रात्र' म्हणतात) क्रमानंच वाचलं पाहिजे असंही नाही. 'श्यामचे पोहणे' आधी घ्या. पाण्याला भिऊन लपून बसलेला श्याम आणि त्याला शोधून चोपणारी आई. श्याम भित्रा असू शकतो हे कळलं की पोरं सरसावून बसतात.

मग 'अळणी भाजी'. भाजीत मीठ पडलेलं नाही, पण वडील काही न बोलता जेवतात, मुलंही गप्प. आई शेवटी स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. हे वाचलं की "ह्यातनं काय शिकलास?" हा प्रश्न अजिबात विचारायचा नाही. आमच्या वर्गात एका पोरीनं विचारलं, "सर, तिनं आधी चव का बघितली नाही?" झालं. देवाला दाखवायच्या आधी चाखत नाहीत म्हणणारी एक पार्टी आणि आमच्यात चाखतात म्हणणारी दुसरी. मग कुणीतरी म्हणालं, आमचा बाबा असता तर ताटच भिरकावलं असतं. त्यावर वर्ग एकदम हसला आणि मग थोडा गप्प झाला. तास खरं तर माझा गणिताचा होता, पण गेला तर गेला.

घेताना एक बघा. साने गुरुजी १९५० साली गेले, पुस्तकाचे हक्क केव्हाच खुले झाले, त्यामुळं बाजारात आवृत्त्या बक्कळ आहेत आणि काही छाटलेल्या. अनुक्रमणिकेत ४२ रात्री आहेत का ते मोजूनच पैसे द्या.

पोरानं स्वतः वाचायचं असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, चौकड्यांचा शर्ट, बुडाखाली सायकल आणि तोंडात "ट्टॉक". तुमचं पोर सायकलवेडं दिसतंय, मग झालंच की. पुढं काय होतंय ह्या घाईत जोडाक्षरं आपोआप गिळली जातात. ह्यात बोध कुठाय म्हणून एका पालकानं मला विचारलं होतं. संकटात सापडल्यावर रडत न बसता डोकं चालवायचं, ह्याच्यावर आणि काय बोध पाहिजे?

आता तुमच्या ह्यांचं जनरल नॉलेज. राजधान्या पाठ करायच्या पुस्तकाला मी ज्ञान म्हणत नाही, राग मानू नका. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतनं विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता, त्यांची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, मराठीतली पण पुष्कळ. आमच्या वर्गाला लागलेलं वेड म्हणजे काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची वॉलट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी. गुल खरवडून टाकायचा, ट्यूबचा नखाएवढा तुकडा कापायचा, दोन्हीकडनं एकेक काडी खुपसली की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि चिमटीत दाबून बघा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोटानं जरा ढकलला की लगेच तिरका होऊन पडतो. हे पोरांनी करून बघितलं की मी म्हणायचो, आता वर बघा. शाळेवर खानापूरची कौलं आणि कौलाखाली छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या. कैचीत सगळीकडं त्रिकोण का, हे एका सुताराच्या पोरानं मला सांगितलं, मी त्याला नव्हे. तो एरवी वर्गात तोंड उघडत नव्हता. ट्यूब सायकलच्या दुकानात मागा, किरकोळ पैशात हातभर मिळते.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट वाचता येतात. ते महाराष्ट्र सरकारचं, आपल्या कर्नाटकातल्या शाळांत आपोआप येत नाही, म्हणून इकडं अनेकांना माहीतच नाही. कोडी, विज्ञान, गोष्टी, सगळं आहे.

धाकटीला माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर'. चित्रंही त्यांचीच. घरातली माणसं घरातल्यासारखीच वागतात. आणि इंदिरा संतांची 'गवतफुला' म्हणून दाखवा, बाई आपल्या बेळगावच्याच.

शहापूरची मावशी

मास्तर, तुमच्या ट्रंकेत सगळे पोरगेच की ओ! श्याम काय, फेणे काय. पोरींनी काय आईच्या आणि आजीच्याच गोष्टी वाचायच्या काय?

मी 'तोत्तोचान' सांगते. तेत्सुको कुरोयानागी ह्या जपानी बाईंनी स्वतःच्या शाळेची गोष्ट लिहिलीय, मराठीत आहे. पहिलीतच पहिल्या शाळेनं काढून टाकलेली पोरगी. नवीन शाळेचे हेडमास्तर पहिल्या दिवशी खुर्ची ओढून बसतात आणि ती चार तास बोलते ते सगळं ऐकतात. वर्ग म्हणजे रेल्वेचे जुने डबे. माझी नात हे ऐकून हटून बसली, आमच्या शाळेत डबा कधी येणार म्हणून. शेवटी युद्धात बॉम्ब पडून शाळा जळते, तिथं मात्र जवळ बसा. रोज एक प्रकरण, चार-पाच पानांचं. मुलगा पण ऐकतो, ऐकत नाही असं दाखवतो तेवढंच.

खानापूरचा मास्तर

मावशी, कबूल. 'तोत्तोचान' होती ट्रंकेत, पण ती माझ्याकडनं आधी बाकीच्या बाई न्यायच्या.

ताई, एक सांगायचं राहिलं. पोराला कन्नड विषय आहे ना? मग त्याला 'पुण्यकोटी' येत असणार. वाघाला शब्द देऊन वासराला पाजायला गेलेली आणि मरायला परत आलेली गाय. कन्नड मुलखात हे गाणं प्रत्येक पोराला पाठ असतं. ते त्याला तुम्हाला मराठीत सांगू दे. त्याच्या जोडीला कन्नड कवी कुवेंपूंचं 'बोम्मनहळ्ळिय किंदरिजोगी', उंदीर पळवणाऱ्या जोग्याचं. तिथं गौडा, म्हणजे गावचा पाटील, जोग्याला दिलेला शब्द फिरवतो आणि गावाची पोरं जोग्यामागं निघून जातात. एकात शब्द पाळला, दुसऱ्यात मोडला. दोन्ही लागोपाठ सांगा आणि पोराला विचारा, गाय शहाणी की येडी? माझ्या वर्गातली निम्मी पोरं येडी म्हणायची. म्हणू द्यात.

येळ्ळूरचा वाचक

मास्तर, तुमचा मान राखून बोलतो. पोराला मराठी वाचता येईना आणि तुम्ही कन्नड सांगालाय. शाळेत तेच, दुकानाच्या पाटीवर तेच, आता गोष्टीत पण तेच? घरात तरी मराठी राहू दे.

खानापूरचा मास्तर

पाटीचं तुमचं दुखणं माझंही आहे, त्यावर वाद नाही. पण मी ताईंना कन्नड पुस्तक घ्या म्हटलेलं नाही. पोराच्या डोक्यात जी गोष्ट आधीच आहे ती मराठीत काढून घ्या म्हणालो. माहीत असलेली गोष्ट वाचताना पोर अडखळत नाही, कारण पुढचा शब्द त्याला अंदाजानं येतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये बऱ्याचदा सापडते, फुकट, लेव्हलप्रमाणे. कन्नड त्याला शाळेनं शिकवलंय, मराठी त्या जोरावर ओढून घ्यायची. सुधा मूर्ती शिगावच्या, हावेरी जिल्ह्यातल्या. त्यांनी आजीला कन्नड वाचायला शिकवलं, का, तर आजीला कन्नड लेखिका त्रिवेणींची कादंबरी स्वतः वाचायची होती. वयाच्या ६२ व्या वर्षी. ती गोष्ट तुमच्या पोराला सांगा, आणि मग त्याला सांगा की आता तू आजीला दाखव, मराठी कशी वाचायची ते.

अनगोळची आई

सगळ्यांचे आभार. वॉलट्यूब आणली. ह्यांनी काड्यांचा पूल करायला घेतलाय, पोरगा नुसता बघत बसलाय, आणि घरातली काड्यापेटी संपली म्हणून सासूबाई ओरडतायत. पुस्तकं बघून घ्यायची असतील तर इकडं कुठं? ऑनलाइन मागवली की आत काय आहे ते कळत नाही.

शहापूरची मावशी

अगं, हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरला साहित्य संमेलनं असतात. मांडवाबाहेर पुस्तकांचे स्टॉल लागतात. पोरांना बरोबर ने आणि सकाळीच जा, दुपारी जेवणानंतर उभं राहायला जागा मिळत नाही.

निपाणीकर

आणि स्टॉलवर ४२ रात्री मोजायला विसरू नका. माझी आत्ता मोजली, तीसच निघाल्या.