रंगकामाची परांची आणि डब्ल्यूसी पॉलिसी

ए-302: सोमवारी परांची बांधायला घेतायत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो डब्ल्यूसी पॉलिसी (मजुरांच्या अपघात भरपाईचा विमा) आहे, पीडीएफ पाठवतो. तेवढं पुरे ना?

सी-101: नाही हो. आधी त्यातली माणसं मोजा. पॉलिसीत 6 आणि परांचीवर 14, की विमा कंपनी तिथेच बोट ठेवणार. कामाचं वर्णन उंचीवरचं बाहेरचं रंगकाम असंच हवं. पोटकंत्राटदाराची माणसं धरलीत का, तेही बघा. दवाखान्याचा खर्च बहुधा जादा प्रीमियम भरल्याशिवाय येत नाही.

बी-704: कोणी पडलाच तर रक्कम किती जाते?

ए-505: 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात मृत्यूला महिन्याच्या पगाराच्या 50% गुणिले वयाचा गुणांक. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर 60%. पगार 15,000 पर्यंतच धरतात. वय 40, गुणांक 184.17, म्हणजे मृत्यूला 13,81,275 रुपये. 30 वर्षांच्या पोराचा अंगठा गेला तर 60% च्या हिशोबात 30% हानी धरून 5,61,546. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, टक्केवारी तीच आहे.

डी-203: घरच्यांना काहीतरी देऊन स्टॅम्प पेपरवर सही घेतात की सगळे 🙏

ए-505: दादा, आणि नंतर दुसऱ्यांदा भरतात. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच (भरपाई ठरवणारे सरकारी अधिकारी, नव्या संहितेत 'सक्षम प्राधिकारी') जमा करायची असते. परस्पर दिलेले पैसे भरपाईत धरत नाहीत, आगाऊ म्हणून फार तर 3 महिन्यांच्या पगाराएवढे वळते होतात. हक्क सोडल्याचा कागद कायद्याने रद्दच. महिनाभरात भरलं नाही तर 12% व्याज, शिवाय 50% पर्यंत दंड, आणि तो दंड विमा कंपनी देत नाही.

सी-101: "हेल्मेट घातलं नव्हतं" हा बचावही मृत्यूत चालत नाही.

सेक्रेटरी: सोसायटीच्या गळ्यात येतं का?

ए-505: कॉन्ट्रॅक्टरचं काम करून घेणाऱ्याकडेही दावा लावता येतो. सोसायटी काही धंदा करत नाही, असा बचाव वकील मांडतात खरा, पण त्या भरवशावर राहू नका. भरपाई कॉन्ट्रॅक्टरच भरेल, हे कलम वर्क ऑर्डरमध्ये घाला. त्याचे मजूर ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विम्यात असतील (पगार 21,000 पर्यंत) तर मामला तिकडे जातो, आयुक्तांकडे वेगळा दावा नाही. तिथे दुखापतीच्या रजेत सरासरी रोजाच्या 90% मिळतात.

बी-704: अपघात झाल्यावर पहिलं काय?

सी-101: केसपेपरवर "कामावर परांचीवरून पडला" असंच लिहून घ्या. घाईत कोणी "घरी पडला" सांगतं आणि पुढे सगळं त्यावरच अडतं. हजेरीवहीचा त्या दिवसाचा फोटोही काढा. दावा 2 वर्षांच्या आत टाका.

सेक्रेटरी: पीडीएफ आली. 5 माणसं लिहिलीत. सोमवार पुढे ढकलतोय.