अरबी आकडे: पाच, शून्य अन् सहामध्ये गडबड होतेय

बीडकर_वाचक
अरबी मोजणी शिकायलोय. निजामकाळातले उर्दू कागद वाचता येतात, म्हणून आकडे सोपे जातील असा अंदाज होता. पण चार-पाच-सहा वेगळेच दिसतात. लिपी उजवीकडून डावीकडे, मग आकडाही तसाच लिहायचा का? अन् ऐकलेला भाव झटकन कागदावर कसा उतरवायचा? सौदीतलं दुकानाचं बिल वाचता यावं, एवढंच सध्या पाहिजे.

औरंगपुरा_पाटी
तुमची अडचण उर्दूमुळेच आहे. दोन्हीकडचे एक, दोन, तीन, आठ, नऊ जवळपास सारखे. चार, पाच, सहा बदलतात, सातही थोडा. उर्दूतला पाच पत्त्यातल्या उलट्या बदामासारखा असतो, अरबीत तो नुसता गोल. सहा दिसतो इंग्रजी सातासारखा. चार म्हणजे आपला ३ आरशात बघितल्यासारखा, खालची शेपटी सोडून.

मराठी डोळ्याला दोन सापळे आहेत. अरबी पाच हुबेहूब आपलं ०, आणि अरबी नऊ आपल्या १ सारखा. अरबी शून्य म्हणजे फक्त टिंब. त्यामुळे टिंब, गोल आणि गाठीचा नऊ हे तिघं आधी पक्के करा, बाकीचे मग. सात म्हणजे नरसाळं, टोक खाली. आठ म्हणजे छप्पर, टोक वर. दोन आणि तीन उभ्या दांडीचे, वरच्या टोकाला उजवीकडे खाच: दोनला एक, तीनला दोन.

हाताच्या लिखाणात मात्र तीनच्या दोन खाचा बऱ्याचदा मिसळून एकच होते आणि तो छापील दोनसारखा दिसतो. अशा वेळी खरा दोन सपाट माथ्याचा काढलेला असतो. बिल हाताने लिहिलेलं असेल तर त्याच माणसाचा दुसरा दोन कुठं आहे ते शोधून ताडून बघा, एकट्या अंकावर विसंबू नका.

सरावाला चौकटीची वही घ्या आणि दोनपासून नऊपर्यंतचे पाढे अरबी अंकांत लिहा. आकडे एकामागून एक गिरवले की हात क्रम पाठ करतो, आकार नाही. पाढ्यात अंक उलटसुलट येतात. सौदीच्या नोटेवर एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी आकडे असतात. गाडीच्या पाटीवरही दोन्ही असतात, तिचे फोटो ताडून बघायला उत्तम.

गोदाकाठ
दिशेचं सांगतो. अक्षरं उजवीकडून, पण आकडा आपल्यासारखाच: मोठं स्थान डावीकडे. ४३८५ अरबी अंकांतही याच क्रमाने बसतो. या अंकांना अरब स्वतः ‘अरकाम हिंदिया’, म्हणजे हिंदी अंक म्हणतात.

ऐकताना तर आपण मराठी माणसं फायद्यात आहोत. अरबीत पंचवीस म्हणजे ‘खम्सा व इश्रीन’, पाच आणि वीस. आपणही ‘पंच’ आधी अन् ‘वीस’ नंतरच म्हणतो, तरी पेन आधी २ काढतं. तीच सवय इथं चालते. उलट एकोणतीससारखी भानगड तिथं नाही, ‘तिसआ व इश्रीन’ म्हणजे सरळ नऊ आणि वीस. हजार आणि शेकडा मात्र आधी येतात. ४३८५ बोलताना: अर्बअत आलाफ, व सलासमिआ, व खम्सा व समानीन.

एक ते दहा: वाहिद, इस्नैन, सलासा, अर्बआ, खम्सा, सित्ता, सबआ, समानिया, तिसआ, अशरा. मोहरमची दहावी ‘आशुरा’ याच अशराच्या घरातली. आठवड्याचे वारही याच आकड्यांवर आहेत. रविवार अल-अहद म्हणजे पहिला, तिथून गुरुवार अल-खमीसपर्यंत पाच होतात. सबआ आणि तिसआ फोनवर सारखे वाटतात, कारण शेवट एकच, घशातला. म्हणून पहिलं अक्षर पकडा: स की त.

बीडकर_वाचक
आकार आता बसायलेत. पण टिंब म्हणजे शून्य, तर मग अडीच कसं लिहायचं?

औरंगपुरा_पाटी
दशांशाला टिंब कधीच देऊ नका. दोन, टिंब, पाच असं लिहिलंत तर समोरचा २०५ वाचेल. तिथं ओळीच्या खाली उतरणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह असतं, शून्याचं टिंब मात्र अंकाच्या मध्याच्या उंचीवर.

चलन बघूनच वाचा. सौदी रियालचे १०० हलाला, म्हणून चिन्हानंतर दोन अंक. ओमानी रियालचे १००० बैसा, कुवेती आणि बहारीनी दिनारचे १००० फिल्स, तिथं तीन अंक. ओमानच्या बिलावर दोन, चिन्ह, मग पाच-शून्य-शून्य दिसलं तर ते अडीच रियाल. अडीच हजार नव्हे.

गोदाकाठ
एक भर. नाम जोडताना ‘दोन’ वेगळा म्हणायची गरज नाही, शब्दालाच ‘ऐन’ लागतं: रियालैन. तीन ते दहाला नाम अनेकवचनी: सलासत रियालात. अकरापासून पुन्हा एकवचनी: इश्रीन रियाल. शिवाय तीन ते दहात संख्येचं लिंग नामाच्या उलट असतं. रियाल पुल्लिंगी, म्हणून सलासत. सय्यारा, म्हणजे गाडी, स्त्रीलिंगी, म्हणून सलास सय्यारात. बिल वाचायला हे लागत नाही, पत्र लिहायला लागेल.

आणि हाताने लिहिलेली तारीख उजवीकडून: दिवस, महिना, वर्ष. त्यातला प्रत्येक आकडा मात्र डावीकडूनच वाचायचा.