विषय: मुलांचा संशोधनगट आणि आरोग्याची माहिती

सप्रेम नमस्कार मंडळी,
मुलांच्या संशोधनगटाच्या पहिल्या प्रकल्पाविषयी एक सूचना आहे. सभासद कुटुंबांकडून वय, वजन, रक्तदाब आणि रक्तातील साखर यांची माहिती नाव न लिहिता एका अर्जावर गोळा करावी आणि मुलांनी तिचा अभ्यास करावा. आपल्याच माणसांची माहिती असली की मुलांना गोडी लागेल. ताई, आपण याच क्षेत्रात आहात. आपले मत कळवावे.

---

दादा, सप्रेम नमस्कार.
मुलांना खरे संशोधन करू द्यावे, हे मला मनापासून पटते. परंतु सभासदांची माहिती गोळा करू नये, अशी आग्रहाची विनंती आहे. अमेरिकेत १९९०च्या दशकात लटान्या स्वीनी या संगणकशास्त्रातील संशोधिकेने नावे वगळलेल्या रुग्णालयीन नोंदी मतदारयादीशी ताडून, केवळ जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड यांवरून, मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची नोंद शोधून काढली होती. आपल्या मंडळात तर वय आणि वजन एवढ्यावरूनही माणूस ओळखता येईल, आणि एखाद्याने आपला मधुमेह स्वतःच्या मुलांनाही सांगितलेला नसेल.

त्याऐवजी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण तपासणी सर्वेक्षणाची, म्हणजे 'एनहेन्स'ची, सर्वांसाठी खुली असलेली माहिती घ्यावी. मागच्या सुट्टीत मी दोन मुलींना ती दिली होती. लोक दिवसातून किती मिनिटे बसून असतात याची सरासरी एकीने काढली, ती फारच मोठी आली, म्हणून तिने तो रकाना चढत्या क्रमाने लावला आणि तळाशी तिला ९९९९ हा आकडा दिसला. दिवसात मिनिटे १४४०च! तो आकडा 'माहीत नाही' या उत्तराचा संकेत होता, तर ७७७७ म्हणजे उत्तर देण्यास नकार. ती एवढ्यावर थांबली नाही. 'माहीत नाही' म्हणणारी माणसे कोण असतील आणि त्यांना वगळले तर निष्कर्ष एका बाजूला झुकेल का, असे तिने विचारले. माझ्या मते तिचे संशोधन तिथेच सुरू झाले. दुसरीला नेमक्या ८० वर्षांची माणसे एवढी कशी, हे कोडे पडले होते. फार वयस्कर व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून ८० आणि त्यापुढचे प्रत्येक वय ८० असेच नोंदवतात, हे कळल्यावर ती बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत राहिली.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. या सर्वेक्षणात काही गट मुद्दाम जास्त प्रमाणात निवडलेले असतात, त्यामुळे प्रत्येक व्यक्तीला दिलेला भार, म्हणजे ती देशातील किती लोकांच्या वतीने मोजायची तो आकडा, हिशेबात न धरता काढलेली सरासरी देशाची ठरत नाही.

---

ताई,
अर्जाची सूचना मी मागे घेतो. मधुमेहाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. माझ्या मुलीला सुट्टीच्या दिवशी झोप भरून काढणाऱ्यांचा रक्तदाब पाहायचा आहे. तशी माहिती मिळेल का?

---

दादा,
मिळेल. २०१७ पासूनच्या नोंदींत कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांची झोप वेगवेगळी विचारलेली आहे, परंतु १६ वर्षे आणि त्यापुढील व्यक्तींनाच. स्वतःच्या वयाच्या मुलांविषयी यातून काय म्हणता येईल आणि काय नाही, हे तिने आकडे उघडण्याआधी लिहून मला पाठवावे.