मदत हवी आहे: जुन्या डिझेल पिकअपची ठकठक आणि बदली रिम

नमस्कार मंडळी. चार सिलिंडर, मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन. गरम झाल्यावर आयडलिंगला जड ठकठक येते, रेस दिली की वाढते. फॅनबेल्ट काढूनही आवाज तसाच, म्हणजे अल्टरनेटर आणि वॉटर पंप यांचा दोष नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) फिलर गेजने लावले, फरक नाही. इंजिन चालू ठेवून इंजेक्टर पाइपचे नट एकेक सैल करून त्या त्या सिलिंडरचं डिझेल तोडलं. तिसऱ्याला आवाज जवळपास थांबतो. (कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय-प्रेशर नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनवर हे कधीही करू नका, त्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत शिरतं.)

इंजेक्टरचा नोझल टपकतोय की बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं) गेलंय? पहिला-तिसरा इंजेक्टर अदलाबदल करून, नवे कॉपर वॉशर टाकून पाहणार आहे. आवाज पहिल्याकडे सरकला तर नोझलच. नाही सरकला तर चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवावाच लागेल ना? एकाच बेअरिंगची झीज ऑइल प्रेशर गेजवर दिसेलच असं नाही.

दुसरं, बदली रिम. पाच बोल्ट, पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) 139.7 मिमी जुळतो, पण मधलं भोक हबपेक्षा (चाक बसतं तो गाडीकडचा भाग) मोठं आहे. नट कोनिकल (शंकूसारखे), रिमची सीटही कोनिकल. मालवाहू गाडीला एवढ्यावर सेंटरिंग भागतं, की हब रिंग (भोक आणि हबमधली फट भरणारी कडी) हवीच? स्पेसर (रिम बाहेर सरकवणारी चकती) नको आहे.