कचरा डेपोजवळच्या विहिरी: भूजल प्रदूषणाच्या मॉडेलसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करतेय, शेवटचं वर्ष. शहराबाहेरच्या एका कचरा डेपोतलं काळं पाणी उताराकडच्या विहिरींपर्यंत किती दिवसांत पोचेल आणि पिणाऱ्यांना धोका किती, हा विषय. अकरा विहिरींचं क्लोराइड आणि नायट्रेट तपासलंय. विकतचं सॉफ्टवेअर परवडणार नाही, लॅपटॉप आठ जीबीचा. भूजलाच्या प्रवाहाचं मॉडेल करणारं मॉडफ्लो जमेल का? मार्गदर्शक थेट थ्रीडी मॉडेल करा म्हणतात.

काळा_पाषाण
जमेल की. मॉडफ्लो अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं, फुकट. पडद्यावर माउसने काम करायचं तर मॉडेलम्यूज, पायथन येत असेल तर फ्लोपाय, तेही फुकटच. मॉडफ्लो ६ मध्ये प्रदूषक वाहून नेण्याचा भाग आहे, वेगळं काही नको. आठ जीबी रग्गड झाली.

पण ताई, आज इन्स्टॉल करू नका. आधी कागद घ्या. पाझरक्षमता रोज १ मीटर, भूजलपातळीचा उतार ०.०१ धरला आणि सच्छिद्रता (पाणी वाहायला खडकात मोकळी जागा किती) पुस्तकातल्या वाळूची, म्हणजे ०.२० घातली, तर पाणी रोज ५ सेंटिमीटर सरकतं (१ × ०.०१ ÷ ०.२०). ४०० मीटरवरच्या विहिरीला जवळजवळ बावीस वर्षं. आपल्या बेसॉल्टच्या भेगांसाठी ०.०२ धरा, तेच अंतर सव्वादोन वर्षांत! आणि गंमत म्हणजे स्थिर प्रवाहाच्या मॉडेलमध्ये पाण्याच्या पातळ्या दोन्ही वेळा तंतोतंत जुळतात, कारण त्या गणितात ही सच्छिद्रता येतच नाही. पातळ्या जुळल्या म्हणून आलेख छापून मोकळे झालेले मी पाहिलेत. (एकदा त्यात मीही होतो.)

विहिरीत वाकून बघा: मुरूम कुठे संपतो, काळा पाषाण कुठे लागतो, झरा कुठल्या अंगाला. खोली 'सात परस' सांगतील, तरी टेप सोडाच.

भोरची_सून
मॉडेल राहू दे बाजूला, पितं कोण ते विचारलंस का गं? दिवसाला दोन लिटर पाणी, वजन साठ किलो असं धोक्याच्या सूत्रात घालून सगळे मोकळे होतात. आमच्याकडे घरोघरी जार येतात, विहिरीचं पाणी धुण्याला नि गुरांना. पितात ते शेतावर राहणारे मजूर. त्यांची बाळं सगळ्यात आधी मोजायची, नायट्रेटचा धोका त्यांनाच जास्त. भारतीय मानकात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्यात सवलत नाही. आणि उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. ते तिथल्या बायकांना आजच सांग, प्रबंध छापून यायची वाट बघू नकोस.

मुठाकाठ
बाप रे, सच्छिद्रता मी ०.२५ घातली होती 🙈 आणि पितं कोण हे अकरापैकी तीनच ठिकाणी विचारलंय. रविवारी परत जाते. काकू, उकळण्याचं नक्की सांगेन. एक शंका: नायट्रेट डेपोचंच कशावरून? बाजूला उसाला युरिया पडतो.

काळा_पाषाण
बरोबर पकडलंत. म्हणून मॉडेल आधी क्लोराइडवर बसवा. ते खडकाला चिकटत नाही, कुजत नाही, पाण्याबरोबर चालतं. डेपोच्या वरच्या अंगाची, म्हणजे डेपोचं पाणी पोचत नाही अशी, एक विहीरही तुलनेला तपासा, तुमच्या अकरांत ती दिसत नाही. मोसमी पातळ्यांच्या नोंदी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे मागा, त्यांचं मुख्यालय पुण्यातच आहे. थ्रीडीचं बघू दिवाळीनंतर.