मदत हवी आहे: सत्तरच्या दशकातला आशियाई सिनेमा, राजकीय हत्या, नाव आठवत नाही

गुडघ्याला_बाशिंग: मारधाडीचा सिनेमा. एका बड्या अधिकाऱ्याला मारायचं असतं आणि शेवटी मारतातच. नाव हवंय, आज रात्री बघायचाय. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

फिल्लमबाज: देश? भाषा? आशियाई म्हणजे तेहरान ते टोकियो सगळंच आलं की.

गुडघ्याला_बाशिंग: इंग्रजी. म्हणजे डब केलेला.

कोकणी_निंजा: 'गोल्गो १३', डोळे झाकून. १९७३, केन ताकाकुरा, भाडोत्री नेमबाज, शूटिंग इराणमध्ये. १९७७ च्या भागात सॉनी चिबा आहे, तोही उरकून घ्या.

गुडघ्याला_बाशिंग: बंदूक नव्हती हो. भोसकतो.

फिल्लमबाज: हे आत्ता सांगताय?

कोकणी_निंजा: मग १९७५ चा बुलेट ट्रेनवाला बघा. वेग ताशी ८० किमीच्या खाली आला की बॉम्ब फुटणार. हॉलिवूडच्या 'स्पीड'च्या १९ वर्षं आधी!

मावशीबोवा: त्यात कोणाची हत्या होते? काहीही.

गुडघ्याला_बाशिंग: ट्रेन नाही!! घोडे, भाले. तिघे शपथ घेऊन भाऊ झालेले. आणि सगळी गोष्ट मारेकरी पकडला गेल्यावर जबानीत लिहून देतो.

पडदानशीन: एवढं पहिल्याच पोस्टमध्ये टाकायचं ना. 'ब्लड ब्रदर्स', १९७३, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचा. दिग्दर्शक चांग चेह, सहायक जॉन वू. टी लुंग अधिकारी, डेव्हिड चियांग मारेकरी, चेन कुआन-ताई तिसरा. पण राजकीय कसला? अधिकारी भावाच्याच बायकोत गुंततो, भावाचा काटा काढतो, उरलेला भाऊ सूड घेतो. टी लुंगचं काम मात्र बघत राहावं असं.

इतिहासजमा: राजकीय नाही कसा? घटना खरी आहे. चीनमधलं नानजिंग, १८७०. व्हाइसरॉय मा शिनयी सैन्याची कवायत बघून परतताना झांग वेनशियांगने त्याला भोसकलं. चिनी बादशाहीविरुद्धचं ताइपिंग बंड मोडणाऱ्या हुनानी (हुनान प्रांतातल्या) सैन्याचा त्या भागात दबदबा, आणि मा त्यांच्या गोटातला नव्हता. खुनानंतर त्या जागी कोण परत आला? त्या सैन्याचा जन्मदाता झंग ग्वोफान! चौकशीतून सूत्रधार काही बाहेर आला नाही. बाईची भानगड नाटकवाल्यांनी रंगवली.

पडदानशीन: संशय म्हणजे पुरावा नव्हे. आणि विचारलंय सिनेमाबद्दल.

इतिहासजमा: धाग्याच्या शीर्षकात 'राजकीय हत्या' लिहिलंय, मी काय पदरचं घालतोय?

चिवडा_पार्सल: कशाला जुनं उकरता, २००७ चा 'द वॉरलॉर्ड्स' बघा. गोष्ट तीच. जेट ली, अँडी लाऊ, लढाया एक नंबर.

मावशीबोवा: जेट ली आला की हाणामारीच बघायची. मैत्री कशी नासत जाते ते जुन्यातच आहे.

टेपरेकॉर्डर: विषयांतराबद्दल क्षमस्व. पुण्यात व्हीसीआर दुरुस्त करणारं कोणी आहे का? कॅसेटला बुरशी आलीये.

फिल्लमबाज: वेगळा धागा काढा, काका. आणि बुरशीवाली कॅसेट मशीनमध्ये घालू नका, हेड खराब होईल.

गुडघ्याला_बाशिंग: 'ब्लड ब्रदर्स'च!! ट्रेलर बघितला, तोच. आता इंग्रजी डब कुठे मिळेल ते सांगा, सबटायटलं वाचत बसायला जमत नाही.

पडदानशीन: मूळ मँडरिनमध्ये बघा. डबमध्ये अर्धी मजा जाते.

गुडघ्याला_बाशिंग: ते विचारलेलं नाही.

कोकणी_निंजा: बुलेट ट्रेनवाला बघितलात का?